माइक सोडायला शिकताना

हॅम (हौशी) रेडिओवरचं नेट म्हणजे ठरल्या वेळी, ठरल्या फ्रिक्वेन्सीवर भरणारी परवानाधारकांची बैठक. एक जण नेट कंट्रोल होतो, बाकीचे आपापलं कॉल साइन सांगून चेक-इन करतात, आणि मग ज्याचा पुकारा होईल त्यानं बोलायचं. टू मीटर बँडवर, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमध्ये, डोंगरावरच्या, सिग्नल पुढे पाठवणाऱ्या रिपीटरच्या भरवशावर चालणारं आमचं संध्याकाळचं नेट मी बरीच वर्षं सांभाळलं. सकाळी चाळीस मीटरवर, सात मेगाहर्ट्झच्या आसपास, देशभरातल्या मंडळींच्या नेटमध्येही बसत आलो. नेटची शिस्त आणि नेट चालवणाऱ्याचा थकवा हे दोन वेगळे विषय आहेत असं मला पूर्वी वाटे. आता वाटतं, विषय एकच आहे. एकमेकांची ताकद वाचवावी म्हणूनच हे सगळे रिवाज पडले असावेत. त्यातून उमगलेलं हे काही.

१. बोलताना आपल्याला काहीच ऐकू येत नसतं. पीटीटीचं बटण दाबलं की सेट पाठवायला लागतो आणि त्याच क्षणी ऐकायचा थांबतो. परीक्षेच्या पुस्तकात हे असतंच, पण त्याचा अर्थ अंगी मुरायला मला नेटवर बसावं लागलं. एफएमवर आणखी एक होतं. दोघं एकदम बोलले, तर रिसीव्हर जोरदार सिग्नल धरतो आणि दुबळा पार पुसून टाकतो. जोरदार सिग्नलवाल्याला आपण कुणाला तरी झाकलं याचा पत्ताही लागत नाही. सगळे त्याला फाइव्ह नाइनचा, म्हणजे उत्तम सिग्नलचा, रिपोर्ट देतात आणि तो खुशीत पुढे बोलत राहतो. म्हणून समोरच्याचं ‘ओव्हर’ झालं की जरा थांबायचं, रिपीटरची बीप होऊ द्यायची आणि मगच बटण दाबायचं. तेवढ्या फटीत कुणाला तरी ‘ब्रेक’ म्हणता येतं. तो घाटातला अपघात कळवणारा असेल, किंवा आठवडाभर धीर गोळा करून पहिल्यांदा हवेवर येणारा असेल. आपण थांबलो म्हणून कुणाला वाट मिळाली हे बहुतेक वेळा कळत नाही. तरीही थांबायचं, हे मला रेडिओनं शिकवलं.

२. नेट चालवायचं ते सर्वांत दुबळ्या सिग्नलच्या सोयीनं. व्हीएचएफ लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. घाटमाथ्यावरचा रिपीटर देशावर लांबवर ऐकू येतो, पण त्याच डोंगराखाली कोकणच्या बाजूला एखाद्या वळणाआड राहणाऱ्यावर डोंगराची सावली पडते. चिपळूणकडचा एक विद्यार्थी पाच वॅटचा हँडी, म्हणजे हातातला सेट, घेऊन गच्चीच्या ठरावीक कोपऱ्यात उभा राही, तेव्हा कुठे त्याला रिपीटर उघडे. मला त्याचं ‘व्हिक्टर युनिफॉर्म थ्री’ एवढंच स्पष्ट येई, पुढची अक्षरं खरखरीत गडप. एका निवृत्त शिक्षकांना मात्र तो थेट, स्वच्छ ऐकू येई. ते कधी त्याच्या वतीनं परस्पर बोलायला लागले नाहीत. “रिले करू शकतो,” एवढंच म्हणून थांबत. मी “घ्या सर” म्हटलं की त्याचं वाक्य जसंच्या तसं सांगत, पदरचं काही न घालता, आणि शेवटी त्यालाच विचारत, “बरोबर सांगितलं ना रे बाळा?” नेटवर कसं वागावं हे मला त्या प्रश्नातून जितकं कळलं तितकं कुठल्या नियमावलीतून कळलं नाही. ज्याच्या गच्चीवर यागी अँटेना आहे तो शेवटी आला तरी त्याचं काही जात नाही. गाडी चालवणारा, बॅटरीवर असणारा, हँडीवर असणारा यांना आधी घ्यायचं.

३. नेट कंट्रोलला दमवतात ती अर्धवट ऐकू आलेली अक्षरं. तासभर बसण्याचं काही वाटत नाही. टेबलावर आखलेली वही असते. डावीकडे कॉल साइन, मग नाव, ठिकाण, संदेश आहे की नाही, आणि शेवटी बोलून झाल्याची खूण. तिघांनी एकदम बटण दाबलं की हाती लागतं ते कुणाचं तरी शेवटचं अक्षर. ते लिहायचं, आधी रेघ ओढून जागा सोडायची आणि पुकारायचं, “शेवटी टँगो असलेलं स्टेशन, पुन्हा या.” त्यावर टँगोवाला सोडून आणखी दोघं उत्तर देतात. एवढ्यात कुणीतरी चेक-इन करतानाच पावसाची, अँटेनाची आणि तब्येतीची हकिकत सांगून टाकतो. यात कुणाचाच हेतू वाईट नसतो, पण कानावरचा ताण साठत जातो. चेक-इनला लागतं फार थोडं: कॉल साइन फोनेटिक्समध्ये, सावकाश, मग नाव, ठिकाण आणि संदेश आहे की नाही. बाकीचं आपली पाळी आली की. जो असं नेमकं बोलून थांबतो, तो नेट कंट्रोलचा थोडा भार स्वतःकडे घेत असतो, असं मला नेहमी वाटत आलं.

४. फ्रिक्वेन्सी कुणाच्या मालकीची नसते, नेटच्याही नाही. आपल्या देशात चाळीस मीटरचा बँड ७००० ते ७२०० किलोहर्ट्झ एवढाच, आणि सकाळी त्यावर दाटी. वर्षानुवर्षं एखाद्या जागी भरणारं नेट सुरू करायच्या वेळी तिथे दोघं गप्पा मारत असले, तर जागेवरचा हक्क त्यांचा. विचारायचं, विनंती करायची, नाहीतर काही किलोहर्ट्झ सरकायचं. हे ज्येष्ठांनी शांतपणे केलेलं मी पाहिलं आणि नेटची प्रतिष्ठा त्यामुळे वाढलेलीही पाहिली. मुद्दाम त्रास देणाऱ्याच्या बाबतीतही हेच. कुणी नेटवर कॅरियर, म्हणजे आवाजाविना नुसता सिग्नल, टाकून बसतो, कुणी शिट्ट्या वाजवतो. बेल्जियमच्या जॉन डेव्होल्डेरे आणि मार्क डेमेलेनेरे यांनी २००८ साली हौशी रेडिओवरच्या आचारसंहितेबद्दल एक मार्गदर्शिका लिहिली. तिचं सांगणं असं की मुद्दाम घातलेल्या व्यत्ययाला उत्तरच द्यायचं नाही, आणि हवेवर पोलीसगिरी करणारे मूळ गोंधळात भरच घालतात. अनुभव अगदी तसाच आहे. व्यत्यय येऊन जातो. त्यावरची चर्चा मात्र पुढचा अर्धा तास खाते, आणि नेट कंट्रोलचा उरलासुरला उत्साहही.

५. नव्या माणसाला हवेवर सुधारायचं नाही. नुकता परवाना मिळालेली व्यक्ती पहिल्यांदा चेक-इन करते तेव्हा तिचा आवाज कापत असतो. अभ्यास करून, परीक्षा देऊन, परवान्याची लांबलचक वाट पाहून ती इथवर आलेली असते. ती पुकारा व्हायच्या आधी बोलली, किंवा कॉल साइन सांगायला विसरली, की तीन-चार अनुभवी आवाज लगेच नियम सांगायला धावतात. प्रत्येकाचा सल्ला बरोबर असतो. मात्र हवेवरचं बोलणं शेजारच्या जिल्ह्यातल्या अनोळखी माणसांनाही ऐकू जातं, आणि चारचौघांत चूक दाखवली की माणूस परत येत नाही. आमच्या नेटवर सावकाश एक रिवाज पडला. सांगायचंच असेल तर नेट संपल्यावर फोनवर, एकानंच, आणि आधी काय चांगलं झालं ते सांगून. हवेवर प्रत्येकानं आपली पाळी नीट पार पाडायची, बस. मला नवल वाटलं ते याचं की बहुतेक नवे लोक पंधरवड्यात नुसतं ऐकूनच सगळं उचलतात. कान उघडे ठेवणाऱ्याला फार सांगावं लागत नाही.

६. थकवा आधी आवाजात उतरतो, आणि रेडिओवर आवाजाखेरीज लपायला दुसरी जागा नसते. कुणाचं कॉल साइन ऐकलं की पुढचं वाक्य आधीच ठाऊक आहे असं वाटू लागतं. नेटची वेळ जवळ आली की देणं फेडायला निघाल्यासारखं वाटतं. सोल्डरिंगचा वास, रात्री हेडफोन लावून लांबचं एखादं मोर्सचं स्टेशन शोधणं, हे ज्यासाठी छंद धरला ते सगळं मागे पडतं आणि उरते ती हजेरी. हे मला स्वतःला उशिरा दिसलं असतं. कळलं ते एका संध्याकाळी नेट संपल्यावर आलेल्या फोनमुळे. साताऱ्याच्या एक ताई, आमच्या नेटवर फारसं न बोलणाऱ्या, म्हणाल्या, “दादा, आवाज दमलाय तुमचा. उद्यापासून चार दिवस मी घेते नेट.” त्यांनी काय झालं ते विचारलं नाही, सल्लाही दिला नाही. थेट काम उचललं. नेटवर सर्वांत कमी बोलणारी माणसं बहुधा सर्वांत नीट ऐकत असतात. तेव्हापासून मीही ऐकताना मजकुरासोबत आवाजाकडे लक्ष देतो. “सगळं ठीक” या दोन शब्दांत सगळं ठीक नसल्याचं बऱ्याचदा कळतं.

७. छंद जागेवर ठेवणं हाही या छंदाचाच नियम आहे. अमेरिकेतल्या पॉल सेगल या हॅमनं १९२८ साली हौशी रेडिओचालकाची सहा लक्षणं सांगणारी एक संहिता लिहिली. जगभरच्या हॅम पुस्तिकांत ती आजही छापली जाते. इतरांचा विचार करणं हे पहिलं लक्षण आपण नवोदितांना आवर्जून सांगतो. पाचवं लक्षण समतोलाचं: रेडिओ हा छंद आहे, घर, नोकरी, शिक्षण आणि समाजाप्रती असलेल्या कर्तव्यांच्या तो आड येऊ नये. त्या काळी हे लिहावंसं वाटलं, म्हणजे तेव्हाही माणसं या खरखरीत स्वतःला हरवून बसत असणार. आमच्या नेटची वेळ आणि घरोघरीची जेवणाची वेळ एकच होती, हे कित्येक वर्षं कुणी बोललं नव्हतं. बोलल्यावर वेळ बदलायला एकच संध्याकाळ लागली. आता नेट वेळेवर सुरू होतं आणि वेळेवर बंद होतं. बंद करताना फ्रिक्वेन्सी सर्वांसाठी मोकळी असल्याचं सांगितलं जातं आणि सेव्हन्टी थ्री म्हणून निरोप घेतला जातो. ज्यांना गप्पा मारायच्या त्यांनी खुशाल माराव्यात, पण कुणी कर्तव्य म्हणून अडकून पडत नाही.

८. ‘उद्या आपत्ती आली तर?’ या विचारानंच सर्वांत जास्त लोक दमतात. विचार खोटा नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला, २६ जानेवारी २००१ ला भूजला भूकंप झाला, तेव्हा फोन ठप्प असताना हॅम मंडळींनी निरोप पोचवले. डिसेंबर २००४ मध्ये अंदमानातून बऱ्याच वर्षांनी हॅम रेडिओ चालवायला परवानगी मिळाली होती. भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरहून व्हीयू-फोर-आरबीआय या कॉल साइननं जगभरच्या हॅमशी बोलत होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली आणि छंदासाठी उभं केलेलं ते स्टेशन खुशालीचे निरोप देण्याघेण्याच्या कामी आलं. अशा कथा ऐकून आपण एकही संध्याकाळ चुकवायची नाही असं ठरवतो. मी त्याच कथांकडे पुन्हा पाहिलं तेव्हा मला वेगळंच दिसलं. आपत्तीत काम दिवसच्या दिवस चालतं. एकट्याच्या कानांना ते झेपत नाही. ऐकणाऱ्याला झोप लागते, निरोपातला आकडा चुकतो, आणि चुकलेला आकडा कुणाचा तरी पत्ता किंवा औषधाचं प्रमाण असू शकतो. म्हणून पाळ्या लागतात, आणि दुसऱ्याकडे सूत्रं देताना कुठला निरोप अडकलाय, कोण स्टँडबायवर आहे, हे नीट सांगता यावं लागतं. ते रोजच्या नेटवरच शिकायचं. जिथे एकच माणूस रोज नेट चालवतो, तिथे आपत्तीची तयारी झालेलीच नसते.

९. जो येत नाही त्याला जाब विचारायचा नसतो. “काय, बरेच दिवस कुठे होतात?” हे प्रेमानंच विचारलं जातं, पण हवेवर, सगळे ऐकत असताना, त्याचं ओझं होतं. मुलांच्या परीक्षा असतात, आजारपण असतं, कधी नुसता कंटाळा असतो, आणि कंटाळ्यालाही हक्क आहे. “बरं वाटलं ऐकून” एवढं म्हणून पाळी द्यावी. मात्र एकटं राहणारं कुणी वयस्कर माणूस न सांगता दोन दिवस आलं नाही, तर फोन करावा. तो हवेवरचा विषय नाही, शेजारधर्म आहे. खंड पडण्याची भीती मला बँडनंच घालवली. सूर्यावरच्या डागांचं चक्र सुमारे अकरा वर्षांचं. ते उताराला लागलं की संध्याकाळी आयनावरण लवकर विरळ होतं, सात मेगाहर्ट्झच्या लहरी जवळच्या अंतरावर परत उतरत नाहीत, आणि दोनशे किलोमीटरवरचा मित्र ऐकू येईनासा होतो, तेव्हा हजार किलोमीटरवरचा मात्र येतो. अशा काळात नेट वेळ बदलतात, ऐंशी मीटरवर जातात, काही बंदही पडतात. चक्र पुन्हा चढतं, मंडळी पुन्हा जमतात. काही काळ बंद राहिलेलं नेट म्हणजे मेलेलं नेट नव्हे, हे मी डोळ्यांदेखत पाहिलं आहे.

१०. सूत्रं सोपवल्यावर गप्प बसणं, हा सर्वांत अवघड शिष्टाचार. ताईंनंतर आमच्याकडे महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीनं नेट घ्यायला सुरुवात केली. तिची पद्धत निराळी होती. मी दुबळी स्टेशनं आधी घेई. ती त्याच्याही आधी “आज पहिल्यांदा कुणी आहे का?” असं विचारून चांगली थांबे. ती शांतता मला लांब वाटे, मधे काही बोलावंसं वाटे. आणि त्या शांततेत, आम्ही ज्यांना नुसते श्रोते समजत होतो अशी माणसं एकेक करून बोलू लागली. एक जण तर वर्षभर रोज ऐकत होता. माझ्या काळात त्याला जागा मिळाली नव्हती असं नाही, पण ती जागा त्याला कुणी दाखवली नव्हती. जुन्या नेट कंट्रोलनं नव्याला हवेवर सुचवत राहिलं, तर सूत्रं दिली असं म्हणता येत नाही. विचारलं तरच बोलायचं, हे मी कसोशीनं पाळतो. आणि खरं सांगायचं तर छंदातला आनंद मला तिथूनच परत मिळाला. हेडफोन लावून रात्री मोर्स ऐकायला आता वेळ आहे, आणि नेटवर जातो तो हौसेनं. आम्ही आता आठवड्याचे वार वाटून घेतले आहेत, प्रत्येक वाराला एक बदलीचा माणूस धरून. गुरुवारला अजून कुणी मिळालेलं नाही. परवाना नुकता हाती आलेला असला तरी चालेल. पहिले काही दिवस सोबतीला ऐकत बसायला आम्ही आहोत.